घरची जुनी व्हॅन ठेवायची की काढायची? गॅरेजच्या बिलाआधी पत्रा आणि कागद बघा

हिंदी सिनेमात कुणाला पळवून न्यायचं असलं की मारुती ओम्नी आलीच. सरकता दरवाजा धाडकन उघडतो, दोन गुंड हिरोच्या बहिणीला आत ओढतात आणि गाडी धूळ उडवत गायब! प्रत्यक्षात मात्र या गाडीने आपल्याकडे वाहून नेली ती लग्नाची वऱ्हाडं, शाळेची पोरं, गणपतीला कोकणात निघालेली अख्खी घरं आणि मागे कोंबलेली आंब्याची खोकी.

१९८४ मध्ये ही गाडी 'मारुती व्हॅन' म्हणून बाजारात आली. मारुती ८०० चंच ७९६ सीसीचं इंजिन, फक्त ते बसवलं पुढच्या सीटखाली. पुढे तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. मधल्या काळात कंपनीने २००१ मध्ये व्हर्सा आणली. जाहिरातीला अमिताभ आणि अभिषेक बच्चन असूनही ती फारशी चालली नाही. त्याच गाडीला साधं, स्वस्त रूप देऊन २०१० मध्ये इको आली आणि ती मात्र धो धो खपली. मोठं कुटुंब आणि जरा जास्त बजेट असणाऱ्यांनी २००५ पासून इनोव्हा घेतली, २०१२ पासून एर्टिगा.

यातल्या बऱ्याच गाड्या आता दहा-पंधरा-वीस वर्षांच्या झाल्यात. त्यामुळे घराघरात एक वाद ठरलेला असतो. बाबा म्हणतात, "इंजिन अजून वाघ आहे." मुलं म्हणतात, "बाबा, द्या आता भंगारात." आणि निर्णय होतो तो गॅरेजवाल्याने हातात ठेवलेल्या शेवटच्या बिलावरून.

बिल हा चुकीचा निकष आहे. वीस हजारांचा बिघाड कधी कधी अगदी साधा असतो आणि दोन हजारांत 'झाकलेला' बिघाड जीवघेणा असू शकतो. बिघाड कुठे आहे, हे आधी बघायचं.

इंजिन, क्लच, बॅटरी: हे सगळं दुरुस्त होतं

ओम्नी-इकोची मोठी सोय म्हणजे तालुक्याच्या गावातसुद्धा त्यांचा मिस्त्री सापडतो आणि पार्ट मिळतात. त्यामुळे चालण्याशी संबंधित बहुतेक दुखणी बरी होणारी असतात. फक्त लक्षण ओळखता आलं पाहिजे.

घाटात गाडी रेस घेते, आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही आणि जळका वास येतो? क्लच प्लेट संपत आली. क्लच सोडताना खालून 'टक्' असा आवाज येतो? ओम्नी आणि इकोत इंजिन पुढे, पण चाकं फिरतात मागची. मध्ये लांब प्रोपेलर शाफ्ट असतो आणि त्याचे क्रॉस झिजले की हा आवाज येतो. वेगात गेल्यावर मागून घूं घूं ऐकू येत असेल, तर मागच्या चाकाचं बेअरिंग किंवा डिफरन्शियल तपासायला सांगा.

सकाळी स्टार्टर मारल्यावर नुसतं कट-कट होत असेल तर लगेच नवी बॅटरी घेऊ नका. मल्टिमीटर लावून बघा. बंद गाडीत चांगल्या बॅटरीला साधारण १२.६ व्होल्ट दिसतात, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. चालू इंजिनावरही आकडा साडेबाराच्या खालीच राहिला तर दोष चार्जिंगमध्ये, म्हणजे बहुधा अल्टरनेटरमध्ये असतो. नवी बॅटरीही मग चार दिवसांत उतरेल.

गरम होणं हे व्हॅनचं जुनं दुखणं. आठ माणसं, टपावर सामान, मे महिना आणि समोर घाट! काटा वर जायला लागला की एसी बंद करा, बाजूला थांबा आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडू नका. उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. थंड झाल्यावर कूलंट बघा. पाइप फुटला असेल, पंखा फिरत नसेल, तर दुरुस्ती किरकोळ आहे. पण कुठेही गळती दिसत नाही आणि तरी कूलंट सारखं कमी होतंय, ऑइल चहासारखं दुधाळ दिसतंय, तर हेड गॅस्केट गेलेलं असण्याची शक्यता मोठी. तशी गाडी 'घरापर्यंत नेऊ' म्हणून चालवली तर इंजिन बसतं.

अजून एक गोष्ट टायमिंगची. ओम्नीत टायमिंग बेल्ट आहे, इकोत चेन. जुन्या २.५ लिटर डिझेल इनोव्हातही बेल्टच. बेल्टची मुदत मॅन्युअलमध्ये दिलेली असते आणि ती पाळावी लागते, कारण तो तुटण्याआधी फारशी सूचना देत नाही.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीचं मात्र वेगळं. इंजिनात पाणी असताना सेल्फ मारला की आतले भाग वाकतात. साध्या विमा पॉलिसीत असं नुकसान बहुतेक वेळा नाकारलं जातं. तेव्हा बुडालेली गाडी सुरू करून बघण्याचा मोह टाळा आणि ती ओढूनच न्या.

पत्रा: इथे खरा निकाल लागतो

ओम्नी, इको, एर्टिगा या गाड्यांना वेगळी लोखंडी चौकट नसते. पत्र्याची पेटी हाच त्यांचा सांगाडा. जुनी इनोव्हा आणि क्रिस्टा चॅसिसवर उभ्या आहेत, त्यामुळे त्यांचा पत्रा सडला तरी चौकट शाबूत असू शकते. व्हॅनमध्ये तसं नाही. पत्रा सडला म्हणजे हाडच सडलं.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, मुंबईच्या खाऱ्या हवेतल्या गाड्यांना हे जास्त होतं. पण पावसाळ्यात ओले पाय घेऊन बसणारी माणसं आणि कधीच न उचललेलं मॅटिंग असेल तर नगर-सोलापूरची गाडीही सुटत नाही. बाहेरून पेंट चकाचक असतो, म्हणून आतून बघायचं. मॅटिंग उचला. सरकत्या दरवाजाची पट्टी बघा, तिथे पाणी साठतं. मागच्या चाकांच्या कमानी, दरवाजाखालची उंबऱ्यासारखी पट्टी, सस्पेन्शन जिथे बॉडीला बसतं त्या जागा आणि सीट बेल्टचे बोल्ट नीट तपासा. शंका आली तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. घट्ट आवाज आला तर ठीक, भुसभुशीत लागलं तर आत पत्रा उरलेला नाही.

पेंटर म्हणेल, "पुटिंग भरून देतो, कळणार पण नाही." कळणार नाही हे खरंच! पण पुटिंग म्हणजे लेप आहे, ते भार पेलत नाही. किरकोळ जागी सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंग करता येतो. सीट बेल्टचा बोल्ट किंवा सस्पेन्शनची जागाच सडली असेल, तर ती गाडी घरच्यांना घेऊन हायवेला नेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. इंजिन कितीही वाघ असो.

याला कारण आहे. या गाड्यांत पुढे बोनेट नावापुरतंच असतं आणि ड्रायव्हरचे पाय जवळजवळ बंपरच्या मागेच. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेल्या इकोची टक्कर चाचणी घेतली, तेव्हा तिला शून्य स्टार मिळाले. तो निकाल कोऱ्या गाडीचा होता.

वास आला तर थांबा

ओम्नीत आणि इकोत इंजिन सीटखाली असल्यामुळे पेट्रोलचा वास थेट केबिनमध्ये येतो. हा वास 'जुन्या गाडीचा' म्हणून सोडून देऊ नका. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, सील त्यासाठी बनवलेले नव्हते. पाइप बदलायला फार खर्च येत नाही.

सीएनजी असेल तर सिलिंडरची दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते. तारीख सिलिंडरच्या पट्टीवर असते. आणि घरगुती गॅसची टाकी उलटी करून व्हॅनमध्ये गॅस भरण्याचा प्रकार अजूनही काही ठिकाणी चालतो. तो बेकायदा आहे आणि गाडीत बसलेल्यांसह आजूबाजूच्या घरांनाही त्याचा धोका असतो.

'पंधरा वर्षं झाली, आता गाडी सरकार घेऊन जाणार'?

व्हॉट्सॲपवर फिरणारा हा मेसेज महाराष्ट्राला लागू नाही. १० वर्षांचं डिझेल आणि १५ वर्षांचं पेट्रोल वाहन बंद करण्याचा विषय दिल्ली आणि आसपासच्या परिसराचा. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते, नंतर आरटीओत गाडी दाखवून ती दर वेळी ५ वर्षांसाठी वाढवता येते. त्यासाठी फॉर्म २५, विमा, पीयूसी आणि पर्यावरण कर लागतो. कारच्या नूतनीकरणाची केंद्राची फी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आहे. २०२५ मध्ये २० वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी ती १०,००० झाली.

म्हणजे पत्रा चांगला असेल तर १५ वर्षांनंतरही गाडी कायदेशीरपणे ठेवता येते. फक्त विम्याचं गणित समजून घ्या. जुन्या गाडीची विम्यातली किंमत इतकी कमी असते की मध्यम अपघातातही दुरुस्तीचा खर्च त्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर जातो आणि कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते.

नवी घेताना आजीला शोरूममध्ये न्या

सात सीटची गाडी म्हणजे सात माणसांची गाडी असं नसतं. तिसऱ्या रांगेत कोण बसणार, हा पहिला प्रश्न. लहान मुलं बसणार असतील तर जवळपास कुठलीही चालेल. गुडघेदुखी असलेली आजी बसणार असेल तर तिला खरोखर तिथे चढवून बघा. या एका बाबतीत व्हॅनचा सरकता दरवाजा अजून भल्याभल्यांना भारी पडतो.

दुसरा प्रश्न सामानाचा. सातही सीट वर असताना ट्रायबरच्या डिकीत ८४ लिटर जागा उरते, म्हणजे दोन पिशव्या. एर्टिगात २०९ लिटर. सीएनजी घेतली तर टाकीचीही जागा मोजा. टेस्ट ड्राइव्ह एकट्याने शोरूमभोवती मारण्यात अर्थ नाही. सगळे बसवा, एसी लावा आणि जवळच्या चढावर न्या.

जुनी इनोव्हा-एर्टिगा घेत असाल तर सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. धुतलेल्या, पॉलिश केलेल्या पुरातल्या गाडीतही बेल्टच्या टोकाला चिखलाची रेघ बऱ्याचदा राहून जाते.

गाडी गेली, नाव राहिलं

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच बहुतेक घरं ढिली पडतात. जुनी व्हॅन ओळखीच्या माणसाला चाळीस हजारांत दिली, सह्या केलेले कोरे फॉर्म हातात ठेवले, चहा झाला, विषय संपला. तो माणूस गाडी पुढे विकतो, तो आणखी पुढे. आरसी बुकावर नाव मात्र तुमचंच.

अशाच एका प्रकरणात, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निकाल दिला. गाडी अनेक हातांतून गेली होती, तरी नोंदणी मूळ मालकाच्या नावावर होती. अपघाताची नुकसानभरपाई देण्याची जबाबदारी न्यायालयाने त्याच्यावरच ठेवली, कारण कायद्याच्या नजरेत नोंदणी ज्याच्या नावावर तो मालक. भरपाईची रक्कम लाखांत जाऊ शकते आणि गाडीचा विमा संपलेला असेल तर ती खिशातूनच जाते.

म्हणून फॉर्म २९ आणि ३० स्वतः भरून सादर करा. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कर्ज होतं तर फॉर्म ३५ देऊन बँकेचं नाव काढा. गाडी परराज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ वर एनओसी लागते. घेणाऱ्याचं आधार, पत्ता, फोटो आणि तारीख-वेळ लिहिलेली पावती जवळ ठेवा. विम्यावरचा नो क्लेम बोनस तुमचा असतो, तो नव्या गाडीला लावून घ्या.

भंगारात द्यायची असेल तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या. तिथून 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' मिळतं. त्यावर नव्या खासगी गाडीच्या रस्ता करात केंद्राच्या नियमानुसार २५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते, प्रत्यक्ष किती ते राज्य ठरवतं. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे दिलेली गाडी तुटते, पण तिची नोंदणी रद्द होत नाही आणि तिची नंबर प्लेट दुसऱ्याच गाडीवर फिरू शकते.

महिनाभराने एमपरिवहन ॲपवर आपला जुना नंबर टाकून बघा. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं दिसतं, पण ते तुमचं आहे की नाही एवढं कळतं. अजून तुमचंच असेल तर घेणाऱ्याला फोन करा आणि आरटीओत लेखी अर्ज देऊन पोच घ्या. आणि हो, काचेवरचा फास्टॅग गाडी देण्याआधीच काढून खातं बंद करा, नाहीतर तिच्या टोलचे पैसे तुमच्याच खात्यातून जात राहतील.