छताजवळचे दिवे

१९५७ साली आशियाई फ्लूची साथ जगभर पसरली. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर इथं माजी सैनिकांच्या रुग्णालयात क्षयरोग्यांच्या एका इमारतीत छताजवळ अतिनील दिवे लावलेले होते. डोळ्यांना इजा नको म्हणून उजेड वरच्या वर. पण खोलीतली हवा फिरत तिथवर जायची आणि तिच्यातले विषाणू निकामी व्हायचे. या इमारतीत २०९ पैकी फक्त ४ जणांना लागण झाली, म्हणजे २ टक्के. बिनदिव्यांच्या इमारतींत १९ टक्के! रॉस मॅक्लीन यांचे हे आकडे तसे कुणी खोडले नाहीत, नुसते मागे पडले. हवेतला फ्लूचा विषाणू या किरणांनी मरतो, हे विल्यम वेल्स यांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं. पण फ्लू जवळच्या शिंतोड्यांतून नि हातांवाटेच पसरतो, हा समज पक्का होता. २०२० मध्ये आपल्यापैकी कितीतरी जण जांभळ्या उजेडाच्या डबीत मोबाइल ठेवत होते, खिडक्या लावून घेऊन.