जीप: ४९ दिवसांची गाडी

लातूरहून अहमदपूर, लोहा करत काळीपिवळीतून नांदेडला गेलेल्या माणसाला जीपमध्ये किती जण बसतात हे विचारू नये. तो नुसता हसेल. अमेरिकन लष्कराच्या कागदावर मात्र ही गाडी 'पाव टनाचा ट्रक' होती बरं का!

जुलै १९४० मध्ये लष्कराने १३५ कंपन्यांना पत्रं धाडली. चारही चाकांना ताकद हवी, वजन फक्त ५९० किलो, आणि नमुना ४९ दिवसांत. (आमचे क्लायंट असंच बोलतात.) मुदत पाळायची हमी फक्त बँटम या छोट्या, डबघाईला आलेल्या कंपनीने दिली. कार्ल प्रॉब्स्टने दोनेक दिवसांत आराखडे काढले आणि २३ सप्टेंबरला गाडी हजर! वजनाची अट अर्थातच कुणालाच जमली नाही. लष्करालाच ती वाढवावी लागली. शेवटी जी विलीज एमबी झाली, ती भरली ११०० किलो.

पण गंमत पुढेच आहे. लष्कराने बँटमचे आराखडे विलीज आणि फोर्डला दाखवले. त्या दोघांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या, बँटमच्या वाट्याला आल्या तीन हजारांपेक्षाही कमी. मला तरी हा अन्याय वाटतो. तरीपण विलीजचं इंजिन सरस होतं, हे मानावं लागतं. बार्नी रूसचं 'गो डेव्हिल', २.२ लिटर, ६० हॉर्सपॉवर. गिअर तीनच, पण चिखल आला की पुढची चाकं जोडायची आणि दुसरा दांडा 'लो'मध्ये टाकायचा. मला सगळ्यात आवडतो तो हेडलाइट. तो उलटा फिरवला की उजेड इंजिनावर पडतो, म्हणजे गाडी रात्री बंद पडणार हे आधीच धरलेलं! पेट्रोलची टाकी मात्र ड्रायव्हरच्या बुडाखाली. असो.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत माझगावला विलीजचे सुटे भाग जोडून जीपा बनू लागल्या. जोडणाऱ्या कंपनीचं मूळ नाव महिंद्रा अँड मोहम्मद. मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये ती महिंद्रा अँड महिंद्रा झाली. पुढच्या सीजे-३बीचं बॉनेट एवढं उंच का? नव्या 'हरिकेन' इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर नेले, उंची वाढली, मग बॉनेटही उचललं. खालचं इंजिन गो डेव्हिलच्याच घराण्यातलं.

काळीपिवळीपर्यंत येताना डिझेल आलं, मागे आडवी बाकं आली, आणि ज्यासाठी एवढा आटापिटा झाला ती पुढच्या चाकांची ताकद बहुतेक गाड्यांतून गेली. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतलं की पॅसेंजर उतरून ढकलायचे.