हाती बंदूक, खिशात कायदा : ओकलंड, १९६७

🧵 #इतिहास #थ्रेड

१/
१९६७ सालचा प्रारंभ. कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात एका छोट्या कार्यालयासमोर पोलीस एक मोटार अडवतात. चालकाच्या आसनावर पंचविशीतला एक कृष्णवर्णीय तरुण बसलेला आहे आणि त्याच्याजवळ सर्वांना दिसेल अशी एम-१ रायफल आहे. पोलीस वाहन परवाना मागतो, तरुण तो निमूटपणे देतो. पोलीस रायफल मागतो, तरुण स्वच्छ नकार देतो. पुढच्या प्रश्नांना एकच उत्तर मिळते : नाव आणि पत्ता परवान्यावर आहे, त्याहून अधिक काही सांगण्यास मी बांधील नाही.

२/
हा तरुण म्हणजे ह्यूई न्यूटन. शेजारी बॉबी सील. या दोघांनी ऑक्टोबर १९६६ मध्ये ‘ब्लॅक पँथर पार्टी’ स्थापन केली होती. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या ‘दलित पँथर’ने आपले नाव घेतले ते याच संघटनेवरून. वरील प्रसंग सील यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. त्यात मित्राविषयीचे कौतुक ओसंडून वाहते, हे ध्यानात ठेवूनच तो वाचावा. परंतु त्यातील कायद्याचा भाग मात्र चोख आहे.

३/
आपल्याला हा प्रसंग चमत्कारिक वाटतो, कारण आपल्याकडे असा प्रश्नच उद्भवत नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिशांनी भारतीयांवर परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना त्यातून वगळले. स्वातंत्र्यानंतरच्या १९५९ च्या कायद्यातही शस्त्र घेऊन फिरणाऱ्याकडे परवाना मागण्याचा पोलिसांचा अधिकार स्पष्ट आहे. तो दाखवता आला नाही, तर नाव-पत्ता विचारता येतो आणि शस्त्रही जप्त करता येते.

४/
तत्कालीन कॅलिफोर्नियात परिस्थिती वेगळी होती. शस्त्र लपवून बाळगायचे तर परवाना लागे, मात्र भरलेली बंदूक उघडपणे हाती घेऊन रस्त्याने चालणे हा गुन्हा नव्हता. मग जो माणूस गुन्हाच करीत नाही, त्याला पोलीस थांबवणार कशाच्या आधारावर? आणि थांबवलेच, तर त्याने काय द्यायचे आणि काय नाकारायचे? न्यूटन यांनी महाविद्यालयात कायद्याचे धडे घेतले होते. त्यांना या सीमारेषा पाठ होत्या.

५/
किती पाठ होत्या, ते पाहा. पूर्वीच्या एका शिक्षेमुळे त्यांना पिस्तूल बाळगण्याची मुभा नव्हती, म्हणून ते लांब नळीची बंदूक घेत. राज्याच्या शिकारविषयक कायद्यानुसार गाडीत असताना रायफलीच्या चेंबरमध्ये गोळी असणे हा गुन्हा होता, म्हणून गाडीत चेंबर रिकामा असे. सील सांगतात की त्या दिवशी रस्त्यावर पाय ठेवताच न्यूटन यांनी गोळी चढवली. वाहन चालवणाऱ्याने परवाना दाखवणे सक्तीचे होते, तो त्यांनी दाखवला. बाकीच्या प्रश्नांवर त्यांनी पाचव्या घटनादुरुस्तीकडे बोट दाखवले : स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. (आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २० मध्ये आरोपीला हेच संरक्षण आहे.)

६/
याच ज्ञानाच्या बळावर पँथरांनी गस्त सुरू केली. पोलिसांच्या गाडीमागे आपली गाडी न्यायची. एखाद्या कृष्णवर्णीयाला अडवलेले दिसले की उतरून अंतर राखून उभे राहायचे आणि त्याला त्याचे हक्क मोठ्याने ऐकवायचे. हातात बंदूक आणि कायद्याचे पुस्तक. त्या वस्त्यांत पोलिसांना प्रश्न विचारण्याची कोणाची छाती नव्हती, तिथे हे दृश्य पाहायला गर्दी जमत असे.

७/
पोलिसांना गुन्हा सापडेना, तेव्हा कायदाच बदलायचे ठरले. आमदार डॉन मलफर्ड यांनी सार्वजनिक ठिकाणी भरलेले शस्त्र बाळगण्यावर बंदी घालणारे विधेयक मांडले. २ मे १९६७ रोजी सील यांच्यासह ३० पँथर, त्यांतील ६ स्त्रिया, शस्त्रांसह सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरले. राज्यपाल रोनाल्ड रेगन तेव्हा बाहेरच्या हिरवळीवर शाळकरी मुलांसोबत होते. छायाचित्रे देशभर गेली. निषेध म्हणून ही कृती अचूक होती, पण डावपेच म्हणून तिने विधेयकाचा मार्ग मोकळाच केला. विधानभवनात शस्त्र आणण्यास मनाई करणारे कलमही त्यात आले आणि २८ जुलै रोजी रेगन यांनी स्वाक्षरी केली. आज शस्त्रहक्काचा कैवार घेणाऱ्या नॅशनल रायफल असोसिएशनचे या बंदीला पाठबळ होते, हे अनेकांना ठाऊक नसते.

८/
या कायद्यातील खरे मर्म एका उपकलमात आहे. बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे पाहण्यासाठी पोलिसांना ती केव्हाही तपासता येईल, आणि तपासू देण्यास नकार हाच अटकेला पुरेसा आधार ठरेल. न्यूटन यांनी त्या दिवशी उच्चारलेला ‘नाही’ आता अटकेचे कारण झाला. १९७० मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने हे उपकलम वैध ठरवले.

९/
स्वाक्षरीनंतर तीनच महिन्यांनी, २८ ऑक्टोबरच्या पहाटे, ओकलंडमध्ये न्यूटन यांची गाडी अडवली गेली. नाव विचारण्याची फारशी गरजच नव्हती. पोलिसांकडे पँथरांच्या गाड्यांच्या क्रमांकांची यादी होती. त्या झटापटीत एक पोलीस ठार झाला, दुसरा आणि स्वतः न्यूटन जखमी झाले. आपल्या हातात बंदूक नव्हे, कायद्याचे पुस्तक होते, अशी साक्ष न्यूटन यांनी दिली. १९६८ मध्ये ते सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरले आणि १९७० मध्ये अपिलात तो निकाल रद्द झाला. पुढच्या खटल्यांत ज्यूरींचे एकमत होईना, तेव्हा आरोप मागे घेण्यात आले. त्या पहाटे नेमके काय घडले, यावर अभ्यासक आजही भांडतात.

१०/
बंदुकीचा प्रश्न असा मिटला, नावाचा मात्र उरला. कॅलिफोर्नियात आणखी एक कलम होते : विनाकारण भटकणाऱ्याने पोलिसाने विचारल्यावर ओळख पटवून दिली नाही, तर तो गुन्हा. एडवर्ड लॉसन नावाच्या कृष्णवर्णीय गृहस्थांना पायी फिरण्याची आवड होती. १९७५ ते १९७७ या काळात त्यांना सुमारे १५ वेळा अडवण्यात आले. त्यांच्याजवळ बंदूक नव्हती, काहीच नव्हते. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले, कारण कोणती ओळख ‘विश्वासार्ह’ मानायची हे सर्वस्वी पोलिसाच्या मर्जीवर सोडलेले होते. पुढे २००४ मध्ये याच न्यायालयाने नेवाडातील एका प्रकरणात ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितले : वाजवी संशय असेल आणि राज्याचा तसा कायदा असेल, तर अडवलेल्या माणसाने आपले नाव सांगावे लागेल. नाव सांगणे आणि ओळखपत्र काढून दाखवणे, यांत त्या निकालाने अंतर राखले.

११/
मग नुसती उघड बंदूक हा ‘वाजवी संशय’ आहे का? जिथे ती बाळगणे कायदेशीर आहे तिथे नाही, असे २०१३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील आणि २०१५ मध्ये ओहायोतील प्रकरणात संघराज्याच्या अपील न्यायालयांनी म्हटले. ओहायोतला माणूस कमरेला पिस्तूल लावून कुत्रा फिरवत होता. एका वाटसरूने पोलिसांना फोन केला आणि तेवढ्यावरून त्याला बेड्या पडल्या होत्या.

१२/
आणि कॅलिफोर्निया? २०१० च्या सुमारास तिथे बहुतांशी गोरे शस्त्रहक्कवादी कमरेला रिकामी पिस्तुले लावून कॉफीगृहांत जमू लागले. पोलीस येत, १९६७ च्या त्याच उपकलमाखाली पिस्तूल तपासत, आणि मग ओळखपत्र मागत. ते देण्यास ही मंडळी नकार देत, कारण त्या उपकलमात ओळखपत्राविषयी अक्षरही नव्हते. कोणी चित्रफीत काढी, कोणी खिशातून कायद्याचा कागद काढून वाचून दाखवी. १ जानेवारी २०१२ पासून रिकामे पिस्तूल उघडपणे बाळगण्यावरही राज्याने बंदी घातली.