हळदीचा कागद

मागच्या आठवड्यात दोन दिवस कराडला आत्याकडे जाऊन आलो. संध्याकाळी नेहमीप्रमाणे प्रीतिसंगमावर चक्कर झाली, भेळ झाली आणि परतताना भाचेबुवा घाटाच्या पायरीवर आपटले. गुडघा चांगलाच फुटला. घरी आल्यावर आत्याने जखम धुतली आणि काही न बोलता मिसळणाच्या डब्यातली चिमूटभर हळद वर दाबली. भाचा आधी किंचाळला, मग एकदम म्हणाला, "आजी, हळदीचं पेटंट अमेरिकेने घेतलंय, माहितीय का?"

"घेऊ दे की," आत्या म्हणाली, "डबा तर माझ्याच घरात आहे!"

हसलो सगळे. पण रात्री गच्चीवर पडल्या पडल्या तेच डोक्यात घोळत राहिलं. ती बातमी आली तेव्हा आमच्याकडेही असंच काहीबाही बोललं जायचं. आता भाजीत हळद घालायची तर अमेरिकेला पैसे द्यायचे वगैरे. खरं काय झालं होतं ते भाच्याला सांगायचं म्हणून परत एकदा सगळं वाचून काढलं. त्याला सांगून झालं, आता तुम्हाला सांगतो.

तर झालं असं. २८ मार्च १९९५ ला अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एक पेटंट मिळालं. ते हळदीचं नव्हतं. जखम भरून यावी म्हणून हळदीची पूड वरून लावणं किंवा पोटात देणं, या वापराचं होतं. गंमत म्हणजे ज्या दोन संशोधकांच्या नावावर हा शोध लागला ते मूळचे भारतीयच. त्यांच्याही गुडघ्याला लहानपणी कुणीतरी हळद लावलीच असेल, असं आपलं मला वाटतं.

शिवाय पेटंट ज्या देशाचं, त्या देशापुरतंच चालतं. अमेरिकेतलं पेटंट कराडच्या स्वयंपाकघरात येऊ शकत नाही. तेव्हा आत्याच्या डब्याला धोका नव्हताच. पण उद्या सांगलीच्या एखाद्या व्यापाऱ्याने जखमेवरचं औषध म्हणून हळदीची पूड अमेरिकेत विकायची ठरवली असती, तर तिथे त्याला परवानगी मागावी लागली असती. प्रश्न एवढाच होता, पण हा "एवढाच" काही लहान नव्हे.

तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, मूळचे गोव्यातल्या माशेलचे. परिषदेने ऑक्टोबर १९९६ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाकडे फेरतपासणीची मागणी केली. म्हणणं सरळ होतं. यात नवीन काही नाही, आमच्याकडे हे पिढ्यान् पिढ्या चालू आहे.

आणि इथेच खरी मेख आहे. तेव्हाचा अमेरिकन कायदा असं सांगायचा की एखादी गोष्ट अमेरिकेत लोकांना माहीत असेल किंवा वापरात असेल, तर ती नवीन नाही. पण अमेरिकेबाहेर ती नुसती वापरात असून भागत नसे. तिथे ती छापून आलेली हवी, नाहीतर तिच्यावर आधीच पेटंट असायला हवं. म्हणजे मिसिसिपीतल्या आजीने हळद लावली असती तर तो पुरावा, आणि कराडच्या आजीने लावली तर नाही!

त्यामुळे भारताने कोट्यवधी बायकांची साक्ष काढली नाही. कागद काढले. संस्कृत, हिंदी, उर्दू मिळून बत्तीस संदर्भ गोळा झाले. त्यात जुने ग्रंथ होते, तसाच इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ साली आलेला एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये त्या पेटंटमधले दावे नाकारले गेले आणि एप्रिल १९९८ मध्ये ते रद्द झाल्यावर शिक्का बसला.

आपण जिंकलो, हे खरंच. पण जिंकला तो कागद. आपल्या सुदैवाने कुणीतरी लिहून ठेवलं होतं म्हणून.

नियमामागे काहीच कारण नव्हतं असं मी म्हणणार नाही. परदेशातल्या एखाद्या खेड्यात काय चालतं ते तिथल्या तपासनिसाने कसं पडताळायचं? पण घरच्याला एक न्याय आणि बाहेरच्याला दुसरा, हे काही पटत नाही. हा भेद काढणारा कायदा अमेरिकेने २०११ साली केला आणि मार्च २०१३ पासूनच्या अर्जांना तो लागू झाला. आपल्याकडेही २००१ पासून आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांतल्या पाठांची डिजिटल ग्रंथालयात नोंद सुरू झाली, जगभरच्या तपासनिसांना ती वाचता यावी म्हणून. पण तिचाही पाया पुन्हा पोथ्या आणि पुस्तकंच. जे कुणी लिहिलंच नाही, त्याचं काय?

आपल्याच भागातलं बघा. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत पेवं खणून त्यात हळद साठवायचे. जमीन कुठली हवी, पेव बंद कसं करायचं, हे ज्ञान माणसांच्या हातात होतं. २००५ च्या महापुरात बरीच पेवं खराब झाली. पुढे २०१८ साली "सांगलीची हळद" या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलंच झालं. पण ते नावाचं रक्षण आहे आणि तेही भारतापुरतं. परदेशात ते नाव राखायचं तर तिथल्या कायद्याने वेगळी खटपट करावी लागते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. तासगावच्या वसंतराव आर्वे यांनी बागेतून निवडलेलं "तास-ए-गणेश" हे द्राक्षाचं वाण आपण अभिमानाने सांगतो. पण ते निघालं थॉमसन सीडलेस या बाहेरून आलेल्या वाणातून. म्हणजे सीमा ओलांडून आपणही घेतलेलंच आहे. तेव्हा चोर-शिपायाचा खेळ मला फारसा पटत नाही. कुणी काय दिलं याची नोंद राहावी आणि देणाऱ्याला विचारलं जावं, एवढंच म्हणणं.

असो. सकाळी चहा घेताना आत्याला विचारलं, "आजी मुरगळल्यावर लेप लावायची, त्यात काय काय असायचं गं?"

"आंबेहळद, रक्तचंदन... आणि एक कसलीशी मुळी. उगाळून गरम करायची."

"कुठली मुळी?"

आत्या बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तिलाच विचारायला हवं होतं रे. रोज डोळ्यांसमोर करायची, म्हणून कधी विचारलंच नाही."

परत येताना मंडईजवळच्या दुकानातून शंभर पानी वही घेतली. पहिल्या पानावर तारीख घालून आत्याने सांगितलं तेवढं लिहिलं आणि मुळीसाठी एक ओळ कोरी सोडली. घरच्या वहीला कुठलंही पेटंट ऑफिस विचारणार नाही, ते मलाही कळतं. पण आपल्याच भाच्याने उद्या विचारलं तर दाखवायला काहीतरी असावं.

विट्याची मावशी, सांगलीच्या काकू, तुम्ही दोघींनी आजीला तो लेप करताना पाहिलंय. मुळी आठवली तर फोन करा. ओळ अजून कोरीच आहे.