बडा दिन : किपलिंग कुटुंबाचा परदेशातला नाताळ

मुंबईतल्या जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात 'किपलिंग बंगला' या नावाने ओळखली जाणारी एक वास्तू आहे. आज दिसते ती इमारत नंतरची. परंतु याच आवारात ३० डिसेंबर १८६५ रोजी, म्हणजे नाताळानंतर पाचव्या दिवशी, रुडयार्ड किपलिंगचा जन्म झाला. वडील लॉकवुड तेथे शिल्पकला शिकवीत. क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारावरची शिल्पे आपण येता-जाता पाहतो, ती त्यांचीच.

रुडयार्डच्या साम्राज्यवादावर भांडायला अनेक जागा आहेत, या थ्रेडमध्ये तो विषय नाही. येथे पाहायचे आहे ते चौघांचे एक कुटुंब आणि त्याचा परदेशातला नाताळ.

थोडे मागे जाऊ. ज्या इंग्रजी नाताळाच्या आठवणीने हे साहेबलोक व्याकूळ होत, तो फारसा पुरातन नव्हता. डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरल' १८४३ ची, आणि विक्रीसाठी छापलेले पहिले नाताळ-कार्डही त्याच वर्षीचे. राणी व्हिक्टोरिया, जर्मनीहून आलेला तिचा पती आल्बर्ट आणि त्यांची मुले सजवलेल्या झाडाभोवती उभी आहेत, हे गाजलेले चित्र 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये छापून आले ते १८४८ साली. या काही वर्षांत नाताळाच्या केंद्रस्थानी घर आले आणि घराच्या केंद्रस्थानी मूल आले. मूल नसेल तर झाड कुणासाठी सजवायचे?

आणि नेमक्या याच काळात हिंदुस्थानातील ब्रिटिश कुटुंबांत मुलांना पाच-सहा-सात वर्षांचे होताच 'घरी' पाठवण्याची रीत रूढ झालेली होती. येथील तापाची साथ, पटकी, विलायती शाळांची ओढ, ही कारणे उघडपणे सांगितली जात. मूल आयाच्या भाषेत बोलू लागते, 'नेटिव्ह' होते, ही भीती काहीशा दबक्या आवाजात. किपलिंगांच्या घरी हेच घडत होते. भावंडे आयेशी आणि गड्याशी देशी भाषेत बोलत, त्याच भाषेत स्वप्ने पाहत. जेवणघरात जाताना त्यांना बजावले जाई, की आता आईबाबांशी इंग्रजीत बोलायचे.

ही आया गोव्याची कॅथलिक होती. रस्त्याकडेच्या क्रुसापाशी ती थांबून प्रार्थना करी आणि छोटा रुडयार्ड शेजारी उभा राही, हे त्याने म्हातारपणी आत्मचरित्रात नोंदवले आहे. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात. म्हणजे त्या बंगल्यात परराज्यातून आलेली, आणि तरीही ज्यांचा सण एकच आहे, अशी दोन प्रकारची माणसे राहत होती. मराठीतला 'नाताळ' हा शब्द आला आहे तो साहेबाच्या इंग्रजीतून नव्हे, तर आयेच्या मुलखातल्या पोर्तुगीजमधून.

उत्तर हिंदुस्थानात या दिवसाला 'बडा दिन' म्हणत. नोकरचाकर फाटकाला केळीचे खुंट आणि झेंडूच्या माळा बांधत. हाताखालचे लोक, व्यापारी फळे, मेवा, मिठाईची 'डाली' घेऊन सलामाला येत. विलायती सणाला देशी तोरण चढे. सकाळी चर्च आणि रात्री पुडिंग, हेही ठरलेलेच. सगळे यथासांग होई. उणीव असे ती मुलांची.

१८७१ साली सहा वर्षांचाही न झालेला रुडयार्ड आणि तीन वर्षांची ट्रिक्स यांना इंग्लंडमध्ये साउथसी येथे, वर्तमानपत्रातील जाहिरात पाहून निवडलेल्या एका परक्या घरी ठेवून आईवडील मुंबईला परतले. आदल्याच वर्षी मुंबईत त्यांचे एक तान्हे मूल दगावले होते, हे विसरता कामा नये. परंतु आपण येथे का आहोत, हे मुलांना कुणी समजावले नाही, असे ट्रिक्सने पुढे लिहून ठेवले. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला होता, तरी मुंबईचे पत्र लंडनला पोहोचायला तीनेक आठवडे लागत. नाताळाच्या शुभेच्छा डिसेंबरच्या आरंभीच लिहून टाकाव्या लागत. सण येईपर्यंत त्यातली बातमी शिळी झालेली असे.

साउथसीच्या त्या घरात रुडयार्डला मारहाण झाली, अपमान झाला. दर डिसेंबरात मात्र तो लंडनला मावशीकडे, म्हणजे चित्रकार बर्न-जोन्स यांच्या 'द ग्रेंज' या घरी जाई. फाटकापाशी पोहोचताच टाचा उंचावून घंटेची लोखंडी मूठ ओढायची, की आत सुखाचे राज्य. वर्षातला हा एकच महिना. पुन्हा आईची भेट झाली ती १८७७ साली.

१८७५ मध्ये लॉकवुड लाहोरला गेले होते. रुडयार्ड १८८२ मध्ये तेथे 'सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेट'मध्ये रुजू झाला, १८८३ च्या अखेरीस ट्रिक्सही आली. मुंबई सोडल्यानंतर बारा वर्षांनी चौघे एका छपराखाली आले, आणि तेही परदेशातच! डिसेंबर १८८५ मध्ये त्यांनी मिळून 'क्वार्टेट' हा नाताळ विशेषांक काढला. (आपल्याकडे दिवाळी अंकांची परंपरा सुरू व्हायला अजून चोवीस वर्षे होती.) मुखपृष्ठावर नावे नव्हती; 'चार अँग्लो-इंडियन लेखक' एवढेच. 'अँग्लो-इंडियन' म्हणजे त्या काळी हिंदुस्थानात राहणारे ब्रिटिश. मला हा अंक त्या कुटुंबाचे नाताळाचे झाड वाटतो.

पण हिशेब मिटला नव्हता. २१ डिसेंबर १८८८. अलाहाबादच्या 'द वीक्स न्यूज'च्या नाताळ पुरवणीत रुडयार्डची 'बा बा, ब्लॅक शीप' ही कथा आली. हिंदुस्थानातून इंग्लंडला धाडलेली दोन भावंडे, परक्या घरातला छळ आणि वर्षांनी परतलेली आई. आईचा हात गोंजारायला पुढे येतो तेव्हा मुलगा मार चुकवण्यासाठी स्वतःचा हात आडवा धरतो. ज्यांनी स्वतःची मुले अशीच धाडली होती, त्या आईबापांच्या हाती सणाच्या आठवड्यात हे पान पडले. लाहोरच्या घरातही ते वाचले गेले आणि लॉकवुड-ॲलिस यांना ते फार लागले.

पुढे 'द ग्रेंज' दुसऱ्यांच्या ताब्यात गेल्यावर किपलिंगने ती घंटेची मूठ मागून घेतली आणि ससेक्समधल्या आपल्या घराच्या दाराला लावली. इतर मुलांनाही ती ओढताना तसाच आनंद व्हावा, असे त्याला वाटत होते.