एसेक्स हेम्फिल आणि अपुरे राहिलेले पुस्तक

१/८
डिसेंबर १९८८. फिलाडेल्फियातील लेखक-संपादक जोसेफ बीम यांचे एड्सशी संबंधित आजाराने निधन झाले. वय अवघे ३३. मागे राहिले एक अपुरे हस्तलिखित. ते पूर्णत्वास नेणाऱ्या कवीविषयी हा थ्रेड.

२/८
बीम एका समलिंगी साहित्याच्या पुस्तकदुकानात काम करीत. तेथील कपाटांत कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांचे जगणे जवळजवळ नव्हतेच. ही उणीव ओळखून त्यांनी १९८६ मध्ये ‘इन द लाइफ’ हा संग्रह संपादित केला. त्यातील एक कवी एसेक्स हेम्फिल.

३/८
हेम्फिल १९५७ मध्ये शिकागोत जन्मले आणि वॉशिंग्टनमध्ये वाढले. आरंभीच्या पुस्तिका त्यांनी स्वतःच छापल्या. वेसन जोन्स यांच्यासह ते कविता रंगमंचावर सादर करीत. दोन आवाज एकमेकांत गुंफले जात. प्रकाशकांची दारे बंद असताना श्रोता थेट समोर होता.

४/८
त्यांचा संघर्ष दुहेरी होता. कृष्णवर्णीय समाजात समलिंगी म्हणून अवहेलना, तर गोऱ्या समलिंगी वर्तुळात वर्णभेद. १९९० मध्ये एका लेखक-परिषदेत त्यांनी छायाचित्रकार रॉबर्ट मेपलथॉर्प यांच्यावर टीका केली: त्यांच्या काही छायाचित्रांत कृष्णवर्णीय पुरुषाचा देह उरतो, माणूस उरत नाही.

५/८
मार्लन रिग्ज यांच्या ‘टंग्ज अनटाइड’ (१९८९) या चित्रपटात हेम्फिल यांचा आवाज व कविता आहेत. १९९१ मध्ये तो सार्वजनिक दूरचित्रवाणीवर आला, तेव्हा अनेक केंद्रांनी तो दाखवण्यास नकार दिला. १९९२ च्या अध्यक्षीय प्रचारात पॅट ब्युकॅनन यांनी त्यातील दृश्ये जाहिरातीत वापरून सरकारी कला-अनुदानावर हल्ला चढवला.

६/८
आता त्या हस्तलिखिताकडे वळू. हेम्फिल फिलाडेल्फियात आले. बीम यांच्या आई डोरोथी बीम यांच्या साथीने त्यांनी काम हाती घेतले. १९९१ मध्ये ‘ब्रदर टू ब्रदर’ प्रकाशित झाले. मुलाचे अपुरे काम तडीस नेण्यासाठी एक आई आणि एक कवी एकत्र आले.

७/८
हे केवळ मित्रप्रेम नव्हते. साथीत एक पिढी झपाट्याने नाहीशी होत होती. लेखकामागे त्याची कागदपत्रे कोण जपणार, हा प्रश्न त्यामुळे थेट इतिहासाचा झाला होता. येथे संपादन हेच चळवळीचे कार्य ठरले.

८/८
रिग्ज १९९४ मध्ये गेले. ४ नोव्हेंबर १९९५ रोजी हेम्फिलही एड्सशी संबंधित आजाराने गेले, वय ३८. बीम यांची कागदपत्रे आज न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग सेंटरमध्ये अभ्यासकांना खुली आहेत. अभिलेखागारातील प्रत्येक पेटी कोणीतरी जपली म्हणूनच आपल्यापर्यंत पोहोचते, हे इतिहास वाचताना विसरू नये.