हिरडीतल्या फटीत हाड कसं आलं

दुभंगलेला ओठ चारचौघांना दिसतो, म्हणून तो शिवला जातो. ओठाच्या आत वरच्या हिरडीत जी फट असते, ती कुणाला दिसत नाही. राहाता, संगमनेर, पारनेरकडच्या वाड्यावस्त्यांवर ओठ शिवलेलं बाळ घरी आलं की घरच्यांच्या लेखी उपचार संपतो. ग्रहणात आईने सुरी धरली म्हणून असं झालं, हा बायाबापड्यांवरचा खोटा आळही हळूहळू मागे पडतो. फट मात्र तशीच राहते. तिच्यातून पाणी नाकात चढतं, नाकपुडीला खालून आधार मिळत नाही, आणि दहा-अकराव्या वर्षी वरचा सुळा यायला लागतो तेव्हा त्याला उतरायला हाडच सापडत नाही.

ही फट हाडाने भरायचे प्रयत्न शंभराहून अधिक वर्षांचे आहेत. १९५०च्या दशकात युरोपातल्या शल्यचिकित्सकांना वाटलं, बाळ तान्हं असतानाच हाड बसवून टाकावं. बसवलंही. पुढे ती मुलं वाढली तेव्हा त्यांच्या चेहऱ्याचा मधला भाग खुरटल्याचं दिसलं आणि बहुतेक ठिकाणी ही पद्धत सोडून द्यावी लागली. तोडगा निघाला तो थांबण्यातून. १९७२ मध्ये अमेरिकेत बॉइन आणि सँड्स यांनी मांडलं की सुळा उगवण्याच्या आधी, पण जबड्याची बरीचशी वाढ झाल्यावर, कमरेच्या हाडातला मऊ गाभा काढून फटीत भरावा. ऑस्लोच्या डॉक्टरांनी १९८०च्या दशकात शेकडो मुलांवर हे करून दाखवलं. दात त्या नव्या हाडातून आपसूक खाली उतरले. या साऱ्या प्रवासात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही वेळेची समज.

महाराष्ट्राचाही या कामात वाटा आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला, देशातल्या अगदी पहिल्या विभागांपैकी एक. ओठ, टाळू आणि दोन्ही, अशी दुभंगाची त्यांनी केलेली सुटसुटीत विभागणी ‘नागपूर वर्गीकरण’ म्हणून आजही शिकवली जाते. हिरडीत फट आहे की नाही, याची नोंद तीत वेगळी होते.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया अशी होते. एका बाजूला कमरेच्या हाडाच्या कडेवर छोटी चीर देतात, वरचा कठीण पापुद्रा उघडतात आणि आतला गाभा चमच्यासारख्या हत्याराने खरवडून काढतात. तो लालसर, ओलसर, ज्वारीच्या भरडीसारखा रवाळ असतो. दुसऱ्या बाजूला तोंडात आधी नाकाकडचं अस्तर शिवून तळ बंद करतात, मग हा गाभा दाबून दाबून भरतात आणि वरून हिरडीची त्वचा ओढून टाके घालतात. काही महिन्यांत तिथे जबड्याचं हाड तयार होतं. मूल मात्र सुरुवातीचे काही दिवस लंगडतं. तोंडापेक्षा कंबर जास्त दुखते, ही अशा मुलांची नेहमीची तक्रार.

मूळपेशींकडे डॉक्टर वळले ते मुख्यतः या दुखण्यापायी. कमरेच्या हाडाच्या गाभ्यातलं नेमकं काय हाड घडवतं, याचा माग मॉस्कोचे संशोधक अलेक्झांडर फ्रिडेनस्टाइन १९६०च्या दशकापासून घेत होते. अस्थिमज्जेत, म्हणजे हाडाच्या या गाभ्यात, हाड तयार करू शकणाऱ्या मोजक्या मूळपेशी असतात, हे त्यांनी दाखवलं. मग मूठभर हाड कशाला काढायचं? थोड्या पेशी काढून प्रयोगशाळेत वाढवाव्यात. जपानमधल्या नागोयाच्या हिबी, यामादा आणि उएदा या संशोधकांनी २००६ मध्ये नऊ वर्षांच्या एका मुलीचं उदाहरण प्रसिद्ध केलं. तिच्याच मज्जेतल्या पेशी वाढवून त्या तिच्याच रक्तातल्या घटकांसोबत फटीत भरल्या होत्या. नऊ महिन्यांनी भरलेल्या जागेचा सुमारे ७९ टक्के भाग हाडाने व्यापला होता आणि त्यातून दात उतरत होते.

दरम्यान २००३ मध्ये अमेरिकेत संशोधन करणारे दंतवैद्य सोंगताओ शी यांना पडलेल्या दुधाच्या दाताच्या गरातही अशा पेशी सापडल्या. त्यांना हे सुचलं ते स्वतःच्या लहान मुलीच्या दातावरून. आपल्याकडे शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर फेकतात तोच दात! ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या डॉक्टरांनी पुढे मुलांच्या स्वतःच्याच दुधाच्या दातांतल्या पेशी वापरून हिरडीत हाड आणलं, कमरेला हात न लावता. त्यांचे निष्कर्ष २०२० मध्ये छापून आले. रुग्ण थोडे होते, पण दिशा मला खरी वाटते.

तरीही आजचा भरवशाचा उपाय कमरेचं हाड हाच आहे. पेशी वाढवायला अतिशय स्वच्छ प्रयोगशाळा लागते, खर्च मोठा, आणि दीर्घकाळाचे निकाल अजून हाती यायचे आहेत. दुधाचे दात पैसे घेऊन साठवून ठेवण्याच्या जाहिराती शहरांतून फिरल्या, पण भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नाळेतलं रक्त सोडून इतर पेशींच्या व्यावसायिक साठवणुकीला मुभा नाही. शेतकऱ्याने त्यापायी कर्ज काढू नये.

करायचं ते साधं आहे आणि ते वेळेवर करायचं आहे. ओठ किंवा टाळू शिवलेलं मूल सात-आठ वर्षांचं झालं की त्याच्या हिरडीचा एक्स-रे काढून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये पालघरहून झाली. त्याची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत येतात, दुभंग ओठ-टाळू त्यांच्या यादीत आहे आणि अठरा वर्षांपर्यंतची मुलं त्यात बसतात. ‘ओठ तर शिवलाय’ म्हणून मुलाला रांगेतून बाजूला काढू नका. पथकातल्या डॉक्टरांना हिरडी दाखवा. लोणीच्या ग्रामीण दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी जबड्याच्या शस्त्रक्रियेचा विभाग असतो, तिथेही विचारता येईल. सुळा उगवायच्या आधी जा.